हक्क 'स्थगित' होतात, 'निलंबित' होतात की त्यांवर 'निर्बंध' येतात?

प्रश्न असा आहे: साथरोग आणि मानवी हक्क या विषयावरचा मजकूर मराठीत लिहिताना 'हक्कांवर निर्बंध', 'हक्क स्थगित', 'हक्क निलंबित', 'हक्कांचा संकोच' हे शब्द आलटूनपालटून वापरले तर चालेल का? आणि संकटकाळात राज्य करारातल्या जबाबदाऱ्यांतून जी सूट घेतं, त्या 'डेरोगेशन'ला मराठीत काय म्हणावं?

बातमीच्या मथळ्यात एक वेळ खपून जाईल. कायद्याच्या मजकुरात मात्र चालणार नाही, कारण तिथे या शब्दांतल्या फरकावर खटल्याचा निकाल फिरतो. स्पेनमध्ये नेमकं तेच झालं. १४ मार्च २०२० रोजी तिथल्या सरकारने आणीबाणीची सर्वांत सौम्य पायरी जाहीर केली आणि अन्न, औषधं, काम अशा ठरावीक कारणांखेरीज घराबाहेर पडायला मनाई केली. तिथल्या राज्यघटनेत संकटकाळाच्या तीन पायऱ्या आहेत. पहिलीवर हक्कांना फक्त मर्यादा घालता येतात. हक्क निलंबित करायचे असतील तर वरची पायरी चढावी लागते, आणि त्यासाठी संसदेची परवानगी आधी घ्यावी लागते. सरकारचं म्हणणं होतं की हा निर्बंधच आहे, जरा कडक इतकंच. १४ जुलै २०२१ रोजी घटनात्मक न्यायालयाने सहा विरुद्ध पाच मतांनी ते अमान्य केलं. बाहेर पडण्याची मुभा हाच अपवाद आणि मनाई हाच नियम झाला असेल, तर त्याला निर्बंध म्हणता येत नाही, ते निलंबन ठरतं, असा बहुमताचा सूर होता. अकरा न्यायमूर्तींपैकी पाच जणांना हे पटलं नाही, म्हणजे सीमारेषा किती पुसट आहे ते दिसतंच. पण ती आहे.

आता शब्द. 'निर्बंध' हा संस्कृतात प्रामुख्याने आग्रह, हट्ट या अर्थाचा. मराठीत तो बंधनाकडे झुकला. सावरकरांनी तर भाषाशुद्धीत 'कायदा' या शब्दाला 'निर्बंध' असा पर्याय वापरला होता. तो रुळला नाही, पण आपल्या विषयात त्यातलं मर्म उपयोगी आहे: हक्कावरचा निर्बंध कायद्यातूनच यावा लागतो, नुसत्या आवाहनातून किंवा पत्रकार परिषदेतून नाही. न्यूझीलंडच्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये हेच सांगितलं. २६ मार्च ते ३ एप्रिल या पहिल्या नऊ दिवसांत 'घरीच राहा' असं लोकांना बजावण्यात आलं होतं, पण तसं बंधन घालणारा वैध आदेशच तेव्हा नव्हता. न्यायालयाने मान्य केलं की पाऊल आवश्यक होतं, वाजवी होतं, संकटाच्या मानाने जास्तही नव्हतं. तरीही ते बेकायदा ठरलं. मला हा निकाल फार आवडतो. चांगल्या हेतूने आणि योग्य प्रमाणात केलेली गोष्टसुद्धा कायद्याचा आधार नसेल तर चुकते, हे इतक्या स्वच्छपणे क्वचितच कुणी सांगितलं असेल.

निर्बंध आला तरी हक्क जागेवर असतो. सरकारला प्रत्येक बंधनाचं कारण द्यावं लागतं आणि ते पटवून देण्याची जबाबदारी सरकारचीच राहते. म्हणून 'लिमिटेशन' किंवा 'रिस्ट्रिक्शन'साठी 'निर्बंध' किंवा 'मर्यादा' बिनधास्त वापरा.

'डेरोगेशन' वेगळं. नागरी व राजकीय हक्कांच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय कराराचं चौथं कलम नीट वाचलं तर लक्षात येतं की तिथे वाक्याचं कर्म 'हक्क' नाहीच. राष्ट्राच्या अस्तित्वावरच संकट आलं असेल आणि तसं अधिकृतपणे जाहीर झालं असेल, तर राज्य करारातल्या आपल्या जबाबदाऱ्यांपासून संकटाला लागेल तेवढंच बाजूला होऊ शकतं, आणि तसं संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांमार्फत इतर सदस्य राष्ट्रांना कळवावं लागतं. म्हणजे राज्य स्वतःला सूट घेतं. म्हणून मी 'जबाबदारीतून तात्पुरती सूट' असं सरळ लिहीन. एकच शब्द हवा असेल तर 'निलंबन' त्यातल्या त्यात बरा. निलंबित कर्मचारी बडतर्फ झालेला नसतो, त्याचं नाव पटावर असतं; हक्काचंही तसंच.

'स्थगिती' मात्र टाळा. मराठीत स्थगिती मिळते ती आदेशाला, निवडणुकीला, बांधकामाला, आणि बहुधा न्यायालयाकडून. 'सरकारने हक्कांना स्थगिती दिली' असं वाचलं की सरकारच न्यायाधीशाच्या खुर्चीत बसल्यासारखं वाटतं.

आणखी एक गोष्ट: सूट घेतली तरी सगळंच सोडता येत नाही. जगण्याचा हक्क, छळापासून आणि गुलामगिरीपासून संरक्षण, विचार व धर्माचं स्वातंत्र्य हे संकटातही कायम राहतात. छळाविरुद्धच्या त्याच कलमात संमतीशिवाय वैद्यकीय प्रयोग करण्याला बंदी आहे, हे साथीच्या संदर्भात विसरून चालत नाही. उलट, संचाराचा हक्क या यादीत नाही, आणि सार्वजनिक आरोग्यासाठी त्यावर निर्बंध घालायची सोय बाराव्या कलमातच आहे. युरोपीय मानवी हक्क करारातही सूट आणि निर्बंध असे दोन वेगळे मार्ग आहेत. २०२० मध्ये त्या करारातून दहा देशांनी अशी सूट घेतल्याचं कळवलं, तर जर्मनी, फ्रान्स, इटली यांनी ती न घेताच नेहमीच्या निर्बंधांच्या चौकटीत काम भागवलं. या दोन गटांबद्दल एकाच वाक्यात 'हक्क निलंबित केले' असं लिहिलं तर ते सरळसरळ चूक आहे.

'संकोच' चांगला शब्द आहे, अग्रलेखांनी जपलेला. तो परिणाम सांगतो, कायदेशीर प्रकार नाही. 'पायमल्ली' आणि 'गळचेपी' हे तर निकालच आहेत. बंधन अवैध होतं असं म्हणायचं असेल तेव्हाच ते काढावेत. ('टाळेबंदी'बद्दल कुणी विचारलेलं नाही, तरी राहवत नाही: संपाचा जोडीदार म्हणून मालकाने कारखान्याला ठोकलेलं कुलूप हा त्याचा जुना अर्थ. २०२० नंतर तो अख्ख्या देशांना लागला.)

जाता जाता 'वाजवी' आणि 'आवश्यक' यांतला फरकही पाहा. भारतीय राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमात 'वाजवी निर्बंध' आहेत. आंतरराष्ट्रीय करारात कसोटी 'आवश्यक' असण्याची आहे. ही दुसरी कसोटी जास्त कडक. या करारातले निर्बंध आणि सूट यांचा अर्थ कसा लावावा हे सांगणाऱ्या १९८४ च्या सिराक्युझा तत्त्वांनी ती उलगडून सांगितली: उद्दिष्ट साधण्याचा याहून सौम्य उपाय उपलब्ध नसावा, बंधन मनमानी किंवा भेदभावाचं नसावं. २००५ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने स्वीडनविरुद्ध याच मुद्द्यावर निकाल दिला. एचआयव्हीबाधित माणसाला सक्तीने रुग्णालयात वेगळं ठेवलं होतं, आणि त्याआधी सौम्य उपाय पुरेसे तपासलेच नव्हते. भाषांतरात 'आवश्यक'च्या जागी सवयीने 'वाजवी' पडला तर सरकारची परीक्षा सोपी होऊन बसते.

'प्रपोर्शनॅलिटी'साठी 'प्रमाणबद्धता' लिहिलेलं दिसतं. मला तो शब्द शिल्पाला किंवा इमारतीला शोभतो असं वाटतं. आपल्याकडे 'तारतम्य' आहे ना! 'तर' आणि 'तम' या प्रत्ययांतून, म्हणजे कमी-अधिकाच्या भानातून आलेला. न्यायालयं जे तपासतात ते हेच: धोका केवढा, बंधन केवढं. पारिभाषिक शब्दच हवा असेल तर 'प्रमाणशीरता' चालेल, पण स्पष्टीकरणात 'तारतम्य' येऊ द्या.

शेवटी 'मानवाधिकार' की 'मानवी हक्क'? एरवी दोन्ही चालतात, पण या विषयात मी 'हक्क'च घेईन. साथीच्या कायद्यात अधिकाऱ्यांना 'अधिकार' दिलेले असतात. 'आरोग्य अधिकाऱ्यांच्या अधिकारांमुळे नागरिकांच्या अधिकारांवर मर्यादा आल्या' या वाक्यात कोणता अधिकार कुणाचा, ते वाचकाला दोनदा वाचून ठरवावं लागतं. सत्तेसाठी 'अधिकार' आणि नागरिकासाठी 'हक्क' ठेवला की वाक्य एका वाचनात कळतं.