दुखणं थांबलं म्हणून कोपरातला तुकडा जुळत नाही

मुलगी १३ वर्षांची, जिम्नॅस्टिक्स करणारी. एमआरआयमध्ये उजव्या कोपरात कॅपिटेलमचा (दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाचा बाहेरचा गोल भाग) ओसीडी, म्हणजे कूर्चा (सांध्यावरचं गुळगुळीत आवरण) आणि तिच्याखालच्या हाडाचा तुकडा सुटू लागणं, १२ मिमीचा, आणि तुकड्यामागे पाण्याची रेघ. विश्रांतीने दुखणं थांबलंय, तर ऑपरेशन टाळता येईल का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते टाळू नका.

कूर्चेला मज्जातंतू नसतात. दुखतं ते खालचं हाड आणि सांध्याचं सुजलेलं अस्तर. हातावरचा भार थांबला की सूज उतरते, सुटलेला तुकडा मात्र सुटलेलाच राहतो. ‘दुखत नाही ना, मग उतरव मॅटवर’ म्हणणाऱ्या प्रशिक्षकांशी माझा वाद जुना आहे, आणि मी तो सोडणार नाही. कोपर किती सरळ होतं ते बघा. दुसऱ्या हातापेक्षा २० अंश कमी, ग्रोथ प्लेट (हाड जिथून वाढतं तो थर) मिटलेली, किंवा तुकड्यामागे पाणी, यातलं एक जरी असलं तरी तुकडा अस्थिर धरतात. ग्रोथ प्लेट उघडी, हालचाल जवळपास पूर्ण आणि कूर्चा अखंड असती, तर तीन ते सहा महिने हातावर भार बंद, एवढंच मीही सांगितलं असतं.

डॉक्टरांना एकच विचारा: तुकडा काढल्यावर खड्ड्याचं काय करणार?

ऑपरेशनमध्ये दुर्बीण घालण्याआधी सांध्यात २०-३० मिली सलाईन भरतात, म्हणजे नसा सांध्यापासून थोड्या दूर सरकतात. कोपर ९० अंशांपेक्षा जास्त वाकवून मागच्या-बाहेरच्या बाजूने खड्डा दिसतो. सैल तुकडे काढायचे, कूर्चेची कड घट्ट आणि उभी लागेपर्यंत तासायची, मग ३-४ मिमी अंतरावर टोच्याने भोकं पाडायची. पंपाचा दाब उतरवल्यावर प्रत्येक भोकातून रक्त आणि चरबीचे थेंब यायलाच हवेत. आले नाहीत तर टोच्या हाडातल्या मज्जेपर्यंत पोचलेलाच नाही. याने भरते ती तंतुमय कूर्चा, मूळच्यापेक्षा कमजोर. लहान खड्ड्याला ती पुरते.

खड्डा १० मिमीच्या वर आणि बाहेरच्या कडेपर्यंत गेलेला असेल तर भोकांतून आलेल्या रक्ताची गाठ धरायला भिंतच नसते, आणि रेडियसच्या (अंगठ्याकडच्या पुढच्या हाताच्या हाडाच्या) डोक्याची कड त्यात अडकते. हातांवर उभ्या राहणाऱ्या मुलीला नुसती साफसफाई करून पाठवणं मला पटत नाही. तिथे गुडघ्याच्या कमी भाराच्या बाहेरच्या कडेवरून कूर्चेसकट हाडाचा ६-८ मिमीचा दंडगोल काढून बसवावा. तो आजूबाजूच्या कूर्चेशी सपाट हवा. वर राहिला तर समोरची कूर्चा घासतो. दंडगोल सरळ बसवायचा कोन मिळवताना रेडियसचं डोकं आड येतं, म्हणून पुष्कळदा छोटा छेद घ्यावा लागतो. गुडघा काही महिने कुरकुरू शकतो. तुकडा अखंड आणि त्याला चांगलं हाड असेल, तर त्याच्या खालची हाडाची बैठक खरवडून ताजी करून तो पिनांनी किंवा बिनडोक्याच्या स्क्रूने परत जोडणं सगळ्यात उत्तम.

नंतर काही दिवसांतच हालचाल सुरू, पण तिच्या स्वतःच्या स्नायूंनी. कुणाला तेल लावून कोपर ओढू देऊ नका. जबरदस्तीने सांधा आणखी आखडतो, स्नायूत हाडही धरू शकतं. ताकदीचे व्यायाम साधारण तिसऱ्या महिन्यापासून, हातांवर भार सहा महिन्यांच्या आसपास, तोही नवीन एमआरआय पाहून. काही मुली जुन्या पातळीवर परतत नाहीत, हेही तिला आधीच सांगा.

एमआरआयची फिल्म मी पाहिलेली नाही. १२ मिमीचा खड्डा मधोमध असेल आणि बाहेरची कड शाबूत असेल, तर भोकं पाडूनही भागेल.