सायफाय नवीनच बघतोयस? मग हे ऐक

अरे '२००१: अ स्पेस ओडिसी'पासून सुरू करू नको, १९६८ चा तो पिक्चर भारीच आहे पण नवीन माणूस त्यात कंटाळतो. आधी २०१६ चा 'अरायव्हल' बघ आणि लगेच टेड चियांगची मूळ कथा वाच, कारण कथेत भाषेसोबत फर्माचं प्रकाशाचं तत्त्वपण (प्रकाश कमीत कमी वेळ लागेल असा रस्ता धरतो, ते) येतं ना, खरी मजा तिथेच आहे, पिक्चरमध्ये ते जवळजवळ गाळलंय. 'ब्लेड रनर'चा २००७ वाला फायनल कट, म्हणजे दिग्दर्शकाने शेवटी स्वतःच्या मनासारखी केलेली आवृत्ती घे, १९८२ च्या थिएटरवाल्यात उगाच व्हॉइसओव्हर आहे. मराठीत नारळीकरांची 'यक्षांची देणगी', पणजीत पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत विचारून बघ. आणि नोव्हेंबरात गोव्यातल्या इफ्फीला, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला, एखादा सायफाय लागला तर सुट्टी टाकून जा, मोबाईलवर नको बघूस.