वाचकांचे प्रश्न : मसुदा कोणाचा, सही कोणाची?

प्रश्न : इंटरनेट किंवा सायबर सुरक्षेविषयीचे आंतरराष्ट्रीय नियम ठरतात, तेव्हा बातम्यांत कुठल्या ना कुठल्या ‘थिंक टँक’चा हवाला दिलेला असतो. या संस्थांना कोणीही निवडून दिलेले नसते, तरी सरकारे त्यांचे का ऐकतात? आणि त्यांना पैसा कंपन्यांकडून मिळत असेल, तर त्यांना स्वतंत्र का म्हणावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ‘इंटरनेटचा सार्वजनिक गाभा’ या एका शब्दप्रयोगाचा प्रवास पाहिला, तर आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे मिळते. नेदरलँड्सच्या सरकारला धोरणविषयक सल्ला देणाऱ्या वैज्ञानिक परिषदेने २०१५ मध्ये एक अहवाल काढला. डेनिस ब्रूडर्स हे त्याचे मुख्य लेखक. (ही परिषद सरकारी पैशावर चालते, मात्र मत मांडण्यास ती मोकळी आहे, ‘स्वतंत्र’ या शब्दाच्या अशा बऱ्याच छटा असतात.) देशादेशांतील वैर काहीही असो, ज्या यंत्रणांवर साऱ्या जगाचे इंटरनेट उभे आहे त्यांना कोणी हात लावू नये, हा त्या अहवालाचा आशय होता. भावकीचे भांडण कितीही विकोपाला गेले तरी गावच्या विहिरीत विष कालवायचे नसते, तसेच हे.

२०१७ च्या जून महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या सरकारी तज्ज्ञगटाची चर्चा फिसकटली. सायबर हल्ल्याला उत्तर देताना आंतरराष्ट्रीय कायदा कसा लागू करायचा, यावर त्या गटात एकमत होऊ शकले नाही. सरकारांची वाट अशी अडली असताना सायबरविश्वाच्या स्थैर्यासाठीचा एक जागतिक आयोग कामाला लागलेला होता. हेग आणि न्यूयॉर्क येथील दोन अभ्याससंस्थांनी (म्हणजे ‘थिंक टँक’नी) त्याच वर्षी तो उभा केला होता आणि त्याच्या सहअध्यक्षपदी भारताच्या माजी राष्ट्रीय सुरक्षा उपसल्लागार लता रेड्डी होत्या. इंटरनेटच्या सार्वजनिक गाभ्याची सर्वसाधारण उपलब्धता किंवा अखंडता यांना हेतुपुरस्सर आणि मोठी हानी पोहोचेल असे कृत्य कोणत्याही राष्ट्राने वा अन्य घटकाने करू नये आणि जाणूनबुजून होऊही देऊ नये, असे आवाहन या आयोगाने नोव्हेंबर २०१७ मध्ये नवी दिल्लीत केले. माहितीची वाटचाल ठरवणाऱ्या यंत्रणा, संकेतस्थळांची नावे व क्रमांक देणारी व्यवस्था आणि समुद्राखालून आपल्या वर्सोव्याच्या किनाऱ्याला येऊन लागणाऱ्या केबलींसारखी वाहक साधने, हे सारे त्या गाभ्यात मोडते.

यानंतर वर्षभरात, नोव्हेंबर २०१८ मध्ये, फ्रान्सने पुढाकार घेतलेल्या, सायबर सुरक्षेविषयीच्या ‘पॅरिस आवाहना’त जवळजवळ तीच शब्दरचना आली. २०१९ च्या युरोपीय सायबर सुरक्षा कायद्याच्या प्रास्ताविकात सार्वजनिक गाभ्याचा उल्लेख झाला. मार्च २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या, सर्व सदस्य देशांना खुल्या असलेल्या सायबर कार्यगटाने सर्वसहमतीने जो अहवाल स्वीकारला, त्यात ‘गाभा’ हा शब्द नाही. पण इंटरनेटची ‘सर्वसाधारण उपलब्धता किंवा अखंडता’ ही शब्दजोडी त्यात आहे. वाटाघाटींत बहुधा असेच घडते : नाव गळते, वाक्य उरते.

सरकारे ऐकतात त्याचे कारण असे. वॉशिंग्टनहून आलेल्या मसुद्याकडे मॉस्को संशयाने पाहते आणि मॉस्कोहून आलेल्या मसुद्याकडे वॉशिंग्टन. अभ्याससंस्थेच्या मसुद्यावर कोणाचा झेंडा नसतो, त्यामुळे तो स्वीकारण्यात कोणाची हार होत नाही. शिवाय अधिकाऱ्याची दर काही वर्षांनी बदली होते, तर अभ्यासक एकाच विषयाला दहा-दहा वर्षे धरून बसतो. अशा आयोगांवर माजी मंत्री आणि निवृत्त राजदूत असतात, हेही विसरून चालणार नाही. ते निवडून आलेले नसले, तरी सत्तेच्या दालनांना अनोळखीही नसतात.

आपला दुसरा प्रश्न अधिक बोचरा आहे. वॉशिंग्टनच्या ‘न्यू अमेरिका’ या संस्थेला गुगल आणि गुगलचे माजी प्रमुख एरिक श्मिट यांच्याकडून १९९९ पासून २ कोटी १० लाख डॉलरहून अधिक निधी मिळाल्याचे ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ऑगस्ट २०१७ मध्ये छापले. त्याच वर्षी जूनमध्ये युरोपीय आयोगाने गुगलला २४२ कोटी युरोंचा दंड केला, तेव्हा या संस्थेतील मक्तेदारीविरोधी गटाचे प्रमुख बॅरी लिन यांनी त्याचे जाहीर स्वागत केले होते. दोन महिन्यांत त्यांचा गट संस्थेबाहेर पडला. हा निर्णय देणगीदाराच्या दबावामुळे झालेला नाही, असे संस्थेने आणि गुगलनेही सांगितले. माझ्या मते दबाव होता की नव्हता, एवढ्यावर हा प्रश्न मिटत नाही. पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाची काळजी असलेल्या संचालकाला कोणी दूरध्वनी करावाच लागत नाही.

वर सांगितलेल्या जागतिक आयोगालाही नेदरलँड्स व सिंगापूरच्या सरकारांचे आणि मायक्रोसॉफ्टचे साहाय्य होते. म्हणून त्याचे आवाहन निकालात काढावे, असे मी म्हणणार नाही. मात्र त्यातील शब्द पुन्हा वाचून पाहावेत. ‘उपलब्धता’ आहे, ‘अखंडता’ आहे, ‘गोपनीयता’ नाही. म्हणजे केबल तोडणे निषिद्ध ठरते, पण तिच्यातून जाणारे संभाषण चोरून ऐकण्याविषयी हा नियम काहीच बोलत नाही. ज्या मसुद्यावर सरकारांची सही मिळवायची असते, तो सरकारांच्या हेरगिरीला सहसा हात लावत नाही.

भारतीय संस्थांनाही हीच कसोटी लावता येईल. दिल्लीची ऑब्झर्व्हर रिसर्च फाउंडेशन सुरुवातीच्या काळात मुख्यतः रिलायन्सच्या आधारावर उभी होती, ही गोष्ट जगजाहीर आहे. तिचा असो वा अन्य कोणाचा, दूरसंचार किंवा डेटा या विषयावरील अहवाल हाती आला की आधी देणगीदारांची यादी पाहावी आणि नंतर त्या देणगीदारांना अडचणीचा ठरेल असा निष्कर्ष त्यात कुठे आहे का, ते शोधावे.