गणिताच्या तासाला मोबाईल: सुरुवात कुठून?

मॅडम, पहिल्याच महिन्यात पाच-सहा अ‍ॅप घेऊ नका. एकच घ्या, जिओजेब्रा: यात स्क्रीनवर आकृत्या काढून बोटानं हलवता येतात. फुकट आहे आणि एकदा डाउनलोड केलं की नेटशिवाय चालतं. आमच्या परभणीकडं रेंज गेली तरी तास अडत नाही. त्रिकोणाचा शिरोबिंदू लेकरांनाच ओढू द्या. आकार कितीही बदलला तरी कोनांची बेरीज 180 अंशच राहते, हे त्यांचं त्यांना दिसू द्या. तुम्ही आधी सांगितलं की मजाच गेली!

प्रश्नमंजुषेला प्लिकर्स बघा: पोरं उत्तराचं कागदी कार्ड वर धरतात, तुमच्या मोबाईलचा कॅमेरा ती वाचतो; मोबाईल फक्त तुमचा.

नवीन असताना हमखास होणाऱ्या चुका दोन:
- घड्याळ लावून शर्यत. सावकाश विचार करणारी लेकरं गप्प होतात.
- खेळ संपला की थेट पुढचा धडा. आधी वहीत दोन गणितं करून घ्या.