नकल करणारं लेकरू नीट पाहा

बाबू, माणसाचं मन अन् वागणं कसं घडलं, हा विषय शिकायला घेतलास तर ‘जन्मजात की संस्काराचं?’ असं विचारू नकोस. दोन्ही एकमेकांना घडवतात. माणूस गुरं पाळून दूध पिऊ लागला, म्हणून गेल्या १०,००० वर्षांत काही समाजांत मोठेपणीही दूध पचवणारा जनुकीय बदल पसरला. मनाचंही असंच, पण पुरावा अवघड. २००५ च्या एका प्रयोगात पारदर्शक पेटी कशी उघडायची ते माणसानं करून दाखवलं; चिंपांझींनी त्यातल्या निरुपयोगी कृती गाळल्या. तीन-चार वर्षांच्या मुलांनी मात्र त्याही केल्या. मला हे फार मोलाचं वाटतं. जंगलातले कडू कंद उकळून, पाणी फेकूनच खातात. तिथं कारण न विचारता नकल करणाराच सुखरूप राहतो. कापूस वेचणाऱ्या मायच्या मागं फिरणारी लेकरं काय-काय उचलतात, ते आधी लिहून काढ.