चोपण रानाला जिप्सम: आधी निचरा, मग ट्रॉली

प्रश्न: ताई, नमस्कार. माझं तीन एकर काळं रान आहे, बोअरच्या पाण्यावर कापूस घेतो. पाणी दिलं की चार-चार दिवस गढूळ डबकं राहतं, वाळलं की वर पापडी धरते. माती परीक्षणात सामू (पीएच) 9.1, क्षारता 0.6, विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेला) 17 टक्के, मुक्त चुना 11 टक्के, जिप्समची गरज हेक्टरी 8 टन असं आलं. एक दलाल खत कारखान्यातलं जिप्सम ट्रकने आणून देतो म्हणतो. 'एकरी दोन ट्रॉल्या टाक, रान सोनं होईल' असं त्याचं म्हणणं. टाकू का?
*(एक वाचक, ता. अमळनेर)*

उत्तर: टाका भाऊ, पण दलालाच्या ट्रॉलीच्या मापाने नको.

अहवाल सोबत लिहून पाठवलात हे फार बरं केलंत. निम्मी पत्रं नुसती 'रान खराब झालं' एवढ्यावर येतात. तुमची क्षारता कमी आहे आणि सामू साडेआठच्या वर, म्हणजे रान खारवट नाही, चोपण आहे. खारवट रानात मीठ पाण्यात मोकळं असतं, निचरा केला की धुऊन जातं. चोपण रानात सोडियम मातीच्या कणालाच चिकटून बसतो. कण एकमेकांना धरत नाहीत, छिद्रं बुजतात, मग पाणी मुरणार कुठून? पुस्तकात चोपण जमिनीची रेघ सोडियम 15 टक्क्यांवर ओढलेली असते, पण आपली काळी फुगणारी माती त्याच्या बरीच आधी बिघडायला लागते.

खात्री करायची तर घरी एक गोष्ट करून बघा. रानातलं सुपारीएवढं वाळलेलं ढेकूळ घ्या, बशीत पावसाचं पाणी घ्या (बोअरचं नको, त्यातल्या क्षारांमुळे फसगत होते), ढेकूळ अलगद ठेवा आणि बशी हलवू नका. ढेकूळ नुसतं ढासळलं आणि पाणी नितळ राहिलं तर दुखणं वेगळं. ढेकळाभोवती ताकासारखं पांढुरकं कडं पसरत गेलं, तर ते सोडियमचं काम. दोन-तीन तासांत कळतं. जिप्सम टाकल्यावर पुढच्या वर्षी त्याच जागचं ढेकूळ पुन्हा बुडवा, म्हणजे पैसे कुठे गेले ते दिसेल.

आता दलालाचा माल. फॉस्फरिक आम्ल बनवताना रॉक फॉस्फेटवर गंधकाम्ल घालतात, त्यात मागे उरतं ते फॉस्फोजिप्सम. एक टन आम्लामागे साधारण पाच टन निघतं, म्हणून कारखान्यांपुढे त्याचे डोंगर असतात. माल कामाचा आहे. बारीक असतो, थोडा आम्लधर्मी असतो, आपल्याला चालतो. त्यातला कॅल्शियम सोडियमला कणावरून हटवतो आणि सोडियम सल्फेट होऊन पाण्याबरोबर खाली जातं. पण तो ओला येतो, आणि भाडं तुम्ही पाण्याचंही भरता. म्हणून ओलावा आणि शुद्धता लिहून मागा. फ्लोराइड किती हेही विचारा. दलाल 'कशाला एवढं' म्हणाला तर दुसरा दलाल बघा.

हिशोब असा. हेक्टरी 8 टन म्हणजे एकरी सव्वातीन टन. पहिल्या वर्षी त्याच्या निम्मं, एकरी 1.6 टन शुद्ध जिप्सम, पुरे. जिप्सम लिटरभर पाण्यात जेमतेम अडीच ग्रॅम विरघळतं. म्हणजे निव्वळ पाण्याच्या हिशोबाने एवढ्याला साडेसहा लाख लिटर, एकरभर रानात सोळा सेंटीमीटर पाणी लागेल. ठिबकच्या नळीखाली ढीग लावून काही होत नाही. वैशाखात नांगरटीनंतर पसरा, वखराने वरच्या चार-सहा इंचात मिसळा, बांध नीट करा आणि पहिले पाऊस रानातच मुरू द्या.

हे सगळं निचरा असेल तर. सुटलेला सोडियम जाणार कुठे? आधी उताराच्या अंगाला नाल्यापर्यंत चर काढा. चराशिवाय जिप्सम टाकणाऱ्याला मी सरळ सांगते, बाबा, ते पैसे बियाण्याला ठेव.

तुमच्या रानात चुना भरपूर आहे, म्हणून गंधकाचाही विचार करा. बाजारातलं बरंचसं गंधक तेलशुद्धीकरणात निघालेलं असतं. मातीतले जिवाणू त्याचं आम्ल करतात, आम्ल चुना विरघळवतं आणि तुमच्याच रानातला कॅल्शियम मोकळा होतो. एक टन जिप्समच्या जागी साधारण 190 किलो गंधक. भाडं वाचतं. पण ओल आणि ऊब हवी, शेणखत सोबत हवं, आणि काही आठवडे धीर हवा.

पावसाळ्यात धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) पेरा, फुलोऱ्याच्या आधी गाडा. त्या वर्षी हरभरा, मूग नको, ते सोडियम सोसत नाहीत. कापूस सोसतो.

आणि बोअरचं पाणी तपासलंत का? माझ्या मते मूळ तिथेच आहे. खोल बोअरच्या पाण्यात बऱ्याचदा बायकार्बोनेट जास्त असतं, ते मातीतला कॅल्शियम चुना करून बसवतं आणि सोडियमला जागा मोकळी करून देतं. पाण्याच्या अहवालात त्याचा आकडा 'आरएससी' (उरलेलं सोडियम कार्बोनेट) असा लिहिलेला असतो. ते 2.5 च्या वर असेल तर एका हाताने जिप्सम टाकायचं आणि दुसऱ्या हाताने सोडियम, असं चालेल. तसं निघालं तर हौदात जिप्समच्या खड्यांवरून पाणी सोडून मग रानात घ्यायची सोय करावी लागेल. पाण्याचा अहवाल आला की पुन्हा लिहा.

प्रश्न: साखर कारखान्याचं प्रेसमड (उसाचा रस साफ करून उरलेला गाळ) स्वस्त मिळतं. चोपण रानाला चालेल का?
*(एक वाचक, ता. शहादा)*

उत्तर: कारखान्याला एकच विचारा: रस गंधकाने साफ करता की कार्बोनेशनने? गंधकवाल्याचं (सल्फिटेशनचं) घ्या, त्यात सेंद्रिय भाग आणि गंधक दोन्ही मिळतं. कार्बोनेशनचं म्हणजे बराचसा चुनाच, तो आपल्या रानात आधीच पोतंभर आहे. ताजं गरम प्रेसमड उभ्या पिकात नको, कुजवून घ्या.

प्रश्न: औष्णिक वीज केंद्राची राख फुकट मिळते. चालेल?
*(एक वाचक, ता. भुसावळ)*

उत्तर: चोपण रानात नको. राख बहुधा स्वतःच अल्कधर्मी असते आणि जिप्समचं काम ती करत नाही. विटांना द्या.