कंटाळवाणा वक्ता, कंटाळलेला श्रोता

प्रश्न : इंग्रजीत व्यक्तीसाठी ‘बोअर्ड’ आणि वस्तूसाठी ‘बोअरिंग’ वापरावे, असे आम्हाला शिकवले गेले. मग ‘अ बोअरिंग स्पीकर’ बरोबर कसे? आणि ‘फॉलन लीव्ह्ज’मधील पाने कोणी पाडलेली नसतात, तरी तेथे भूतकालवाचक धातुसाधित का येते?

उत्तर : आपल्याला शिकवलेला नियम पाठ करायला सोपा असला, तरी तो मुळातच चुकीच्या निकषावर उभा आहे. विशेष्य सजीव की निर्जीव हे पाहायचे नसून, क्रियापदाने सुचवलेला परिणाम कोण घडवतो आणि तो कोणावर होतो, हे पाहायचे असते. मराठीत आपण कंटाळतो, गोंधळतो, चकित होतो. इंग्रजीत मात्र ‘बोअर’, ‘कन्फ्यूज’, ‘सरप्राइज’ ही सकर्मक क्रियापदे असून त्यांचा अर्थ कंटाळा आणणे, गोंधळात टाकणे, चकित करणे असा आहे. त्यामुळे ‘-इंग’ हे रूप परिणाम घडवणाऱ्याचे विशेषण होते आणि ‘-एड’ हे ज्याच्यावर परिणाम होतो त्याचे. श्रोत्यांना कंटाळा आणणारा वक्ता ‘बोअरिंग’ आणि त्याच्यासमोर बसलेले श्रोते ‘बोअर्ड’. ‘आय अ‍ॅम बोअरिंग’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, फक्त बोलणाऱ्याला बहुधा ते म्हणायचे नसते! शंका आली, तर ‘कंटाळवाणा’ आणि ‘कंटाळलेला’ यांपैकी कोणता शब्द बसतो, हे मनाशी ताडून पाहावे. ‘अ सरप्राइज्ड लुक’ किंवा ‘अ‍ॅन एक्सायटेड व्हॉइस’ अशा प्रयोगांत नजर वा आवाज निर्जीव असूनही ‘-एड’ येते, कारण त्यांतून व्यक्त होणारी भावना ती अनुभवणाऱ्या माणसाची असते.

‘फॉलन’ची गोष्ट वेगळी आहे. ‘फॉल’ हे अकर्मक क्रियापद असल्याने तेथे कर्माचा प्रश्नच उद्भवत नाही. ते धातुसाधित केवळ क्रिया पूर्ण झाल्याचे सांगते. ‘फॉलिंग लीव्ह्ज’ म्हणजे गळणारी पाने आणि ‘फॉलन लीव्ह्ज’ म्हणजे गळून पडलेली. ‘रिटायर्ड’ आणि ‘एस्केप्ड प्रिझनर’मधील ‘एस्केप्ड’ ही विशेषणे याच वर्गातली. मात्र प्रत्येक अकर्मक क्रियापदाला ही मुभा नाही. ‘अ‍ॅन अराइव्ह्ड गेस्ट’ असे कोणी म्हणत नाही, पण आधी क्रियाविशेषण जोडून ‘अ न्यूली अराइव्ह्ड गेस्ट’ म्हटले की तो प्रयोग चालतो.

आपण विचारलेले नसले, तरी याच विशेषणांच्या जागेविषयी एक बाब येथे सांगणे उपयुक्त ठरेल, कारण कार्यालयीन पत्रांत तिच्याकडे सर्रास दुर्लक्ष होते. प्रमाण इंग्रजीत ‘द ऑफिसर कन्सर्न्ड’ म्हणजे संबंधित अधिकारी. हेच धातुसाधित नामाच्या आधी ठेवून ‘अ कन्सर्न्ड ऑफिसर’ लिहिले, तर त्याचा अर्थ चिंतेत पडलेला अधिकारी असा होतो.